बिनपाण्याची जीप

चहा घ्या आधी, मग सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मला आता सवय झाली आहे. पण अगोदरच बजावून ठेवतो, गोष्ट मयताची आहे! आणि त्या मयताला भर उन्हात रस्त्यावर तिष्ठत ठेवणारा गाढव तुमच्यासमोर बशीतून चहा पितोय.

मी लातुरात क्लास चालवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विषय फिजिक्स. बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहिलं की माणसाला एक आजार जडतो. समोरच्याला काही कळत नाही आणि आपल्याला सगळं कळतं, असं वाटायला लागतं. औषध नाही त्यावर. फजिती हेच औषध, आणि तेही फार उशिरा मिळतं.

माझी ती जुनी जीप पाहिलीय ना तुम्ही? ती मुळात माझ्या सासऱ्यांची. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही म्हणायचो. चाकूर ते उदगीर जन्मभर काळीपिवळी चालवली त्यांनी. गुडघे गेले तेव्हा ही घरची जीप मला देऊन टाकली आणि जीपबरोबर पाण्याची एक पिवळी कॅन दिली, पाच लिटरची. ती सीटखाली असल्याशिवाय अप्पा चावीला हात लावत नसत. "मास्तर, मानूस उपाशी चालंल, पर गाडी तान्हेली न्हाई चालायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता मी पडलो फिजिक्सवाला! मला ती कॅन बघितली की लाज वाटायची. अशातच मोबाईलवर मला एका नव्या द्रवाचा शोध लागला. बिनपाण्याचं कूलंट! रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नाही, गंज नाही, आणि एकशे नव्वद अंशापर्यंत उकळत नाही म्हणे. पाणी बिचारं शंभरलाच उड्या मारतं. झालं, मी भारावून गेलो. मागवलंच.

ते घालायच्या आधी इंजिनातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढावं लागतं. मी सगळे पाइप सोडवले आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन अंगणात बसलो. दोन तास फुंकत होतो! महानंदा, म्हणजे आमची ही, डोक्याला पंचा गुंडाळून दारात उभी. "माझे केस वले, आणि जीप कोरडी. शाब्बास!" म्हणाली. मी ऐकलंच नाही. कूलंट घातलं, अर्धी बाटली उरली ती फडताळात ठेवली, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला लाल रंगानं ठळक लिहिलं : पाणी घालू नये. खाली दोन रेघा मारल्या. मास्तरच ना!

आणि अप्पांची पिवळी कॅन? ती संडासात ठेवली. हो, तिकडेच.

या गोष्टीला महिना झाला असेल नसेल, अप्पांना छातीत दुखायला लागलं म्हणून नांदेडला दवाखान्यात नेलं. सोबत मेहुणा बसवराज, म्हणजे आपला बसू, आणि गावातले जंगम स्वामी. स्वामी अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. आम्ही लिंगायत, आमच्यात जन्मापासून समाधीपर्यंत जंगम लागतो. पण हे स्वामी निव्वळ मैत्रीखातर चार दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपत होते. मी क्लास सुटला की जीप काढून जायचो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्पांना जरा बरं वाटत होतं. उशाशी बसलो तर पहिला प्रश्न काय? तब्येतीचा नाही, नातवांचा नाही.

"जीपात पाणी हाय का, मास्तर?"

आता 'हाव, हाय' म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही! मी त्यांना शिकवायला लागलो. उत्कलनांक म्हणजे काय, पाण्याचा किती, या द्रवाचा किती. सलाइन लावलेल्या म्हाताऱ्यासमोर हवेत बोटानं आलेख काढला हो मी! अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे ते उकळत न्हाई."

"अजिबात नाही!"

"उकळत न्हाई म्हंजे तापत बी न्हाई, आसं हाय व्हय?"

मी हसलो. "अप्पा, तुम्हाला नाही कळायचं ते. फिजिक्स आहे ते."

अप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी आठ वाजता गेले.

माझं आणि त्यांचं शेवटचं बोलणं हे. नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामींना फोन मी केला. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. महानंदा गावी त्यांच्याजवळच होती. मला वाटलं हंबरडा फुटेल. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, लवकर आणा. आंग आखडायच्या आत आणा. मला ते बसल्यालं बघायचेत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात मयताला आडवं नेत नाहीत. बसवतात. मांडी घालून, कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन. बसलेल्या स्थितीतच पूजा होते आणि बसलेल्या स्थितीतच समाधी. आता प्राण गेल्यावर चार-सहा तासांत शरीर ताठायला लागतं. त्याच्या आत बसवलं तर बसतं, नाहीतर फार अवघड होतं. मामींनी एवढी एकच गोष्ट मागितली होती माझ्याजवळ.

आणि नांदेडहून अप्पांचं गाव, चाकूरच्या अलीकडचं, फार तर अडीच तासांचा रस्ता. कागदपत्रं होऊन अकराला निघालो. दीडला पोहोचतो, असं मीच मामींना कळवलं.

पुढे अॅम्ब्युलन्स. तिच्यात अप्पा, आणि चालवायला खाजाभाई. मागे माझी जीप. माझ्या शेजारी स्वामी, पाठीमागे बसू. लोहा ओलांडला, माळेगाव मागे टाकलं, आणि चढाला लागताच अॅम्ब्युलन्स गचके खाऊन थांबली. खाजाभाई खाली उतरून वाकले, हुंगले, आणि कपाळावर हात मारला.

"क्लच प्लेट जळाली, साब. अहमदपूरला माझा दोस्त हाय, त्याची अॅम्ब्युलन्स बोलावतो. घंट्याभरात येतीय."

बसू म्हणाला, "न्हाईतर दाजी, अप्पाला आपल्याच जीपात घेऊ. मी धरून बसतो."

दोन सरळ वाटा होत्या, लहान पोराला कळतील अशा. पण मला काय सुचावं? मी दोर काढला! "कशाला कुणाला बोलवायचं? टोचन करू. सरळ गावात नेऊन उभी करतो."

का केलं असं? खरं सांगतो, इतक्या दिवसांनी सांगायला हरकत नाही. त्या जीपनं, त्या बिनपाण्याच्या जीपनं, अप्पांना ओढून घरी नेलं, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. आदल्या संध्याकाळचा वाद मला जिंकायचा होता. मेलेल्या माणसाशी!

निघालो. एप्रिलचं ऊन, दुपारचा एक, समोर चढ, मागे दोराला बांधलेली अख्खी अॅम्ब्युलन्स. दुसऱ्या गिअरमध्ये जीप कण्हत चालली. दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर सरकला. आणखी पाच मिनिटांत लाल पट्टीत जाऊन बसला.

"दाजी, काटा बगा."

"काटा बिघडलाय. गाडी तापली असती तर वाफ नसती आली? कुठंय वाफ?"

थोड्या वेळानं स्वामींनी पाय वर घेतले. "मास्तर, पायाला चटका बसायलाय."

"ऊन आहे, स्वामी."

"ऊन खालून यायलंय व्हय?"

मी काचेतून बॉनेटकडं बघितलं. पण वाफ नव्हती ना! पाणी असतं तर केव्हाच उकळून बोंब मारली असती. हे मुकाट तापत होतं. शेवटी जळका वास आला, इंजिनाचा आवाज बदलला, तेव्हा मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. एका पाइपचा क्लॅम्प ढिला झालेला, तेव्हा ड्रायर घेऊन बसलो होतो ना, तेव्हाच मी नीट आवळला नव्हता, आणि कूलंट चढभर ठिपकत आलेलं. निम्मं गेलं होतं.

खाजाभाईंनी पान्यानं क्लॅम्प आवळून दिला. "झालं. इंजिन जरा निवू द्या, मंग पानी मारा अन् चला."

"पाणी नाही घालायचं!" मी लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

तिथं एक चहाची टपरी होती. टपरीवाली बाई हापशावरून भरलेली घागर कमरेवर घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आपल्याकडं बॉनेट उघडं दिसलं की माणूस पाणी घेऊन येतोच.

"घ्या बाबा, वता."

"नको मावशी. हिला पाणी चालत नाही."

बाई माझ्याकडं बघतच राहिली. मग अॅम्ब्युलन्सकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. "मयताच्या गाडीला पानी नगं म्हनायलाव? आक्रीतच हाय की."

स्वामी हळूच म्हणाले, "घ्या मास्तर. पाण्याला नाही म्हणू नये."

"स्वामी, ते मिसळलं की कूलंट बाद होतं. सगळं परत कोरडं करावं लागतं."

"मंग करा की नंतर कोरडं!" बसूचा आवाज चढला. "आज काय नडलंय?"

किती सोपं वाक्य, बघा! पण मी आता इरेला पेटलो होतो. मी फोन काढला. अहमदपूर, उदगीर, लातूर, एकेका दुकानाला विचारत सुटलो. बिनपाण्याचं कूलंट आहे का? एक जण म्हणाला, "साहेब, बिनपाण्याचं फकस्त नळाला मिळतंय लातुरात." दुसऱ्यानं फोन ठेवूनच दिला.

मग डोक्यात प्रकाश पडला. घरच्या फडताळात अर्धी बाटली आहे! किल्ली शेजारच्या काकांकडे असते. काका निवृत्त तलाठी, फार सज्जन माणूस. त्यांना फोन केला, अप्पा गेल्याचं सांगितलं, आणि म्हटलं, तेवढी बाटली नांदेडच्या एसटीत ड्रायव्हरजवळ द्या. काका गहिवरले. "काळजीच करू नका सर, आत्ता पायात चप्पल घातली बघा," म्हणाले.

खाजाभाई जवळ आले. "साब, अजून बी म्हनतो, दोस्ताला फोन लावू का?"

"कशाला? बाटली निघाली ना."

आम्ही बसलो. कडुनिंबाची एवढीशी सावली, ती अॅम्ब्युलन्सवर राहील अशी गाडी ढकलून लावली होती. बसू दर पंधरा मिनिटांनी आत जायचा, अप्पांचा हात हातात घ्यायचा, कोपरातून हळूच वाकवून बघायचा, आणि बाहेर येऊन बसायचा. पहिल्यांदा वाकला. दुसऱ्यांदाही. तीन वाजता तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आखडायलेत."

मामींचे फोन येत होते. मी सांगत होतो, निघालोच.

मग बसू म्हणाला, "दाजी, एक इचारू? मी तुमच्या क्लासला होतो नववीला. तुम्ही एक प्रश्न टाकला होता. मला आला न्हाई म्हून पन्नास उठाबशा काढायला लावल्या होत्या. आठवतंय का?"

"कुठला?"

"मोटारीच्या रेडिएटरमदी पाणी कामून वापरतेत, शास्त्रीय कारण द्या."

गेलो ना मी! पाण्याची विशिष्ट उष्माधारकता सर्वांत जास्त असते. ते स्वतः फार न तापता सगळ्यांत जास्त उष्णता घेऊन जातं. बावीस वर्षं, दर वर्षी, फळ्यावर, चौकटीत! उकळायचं कधी हे मी बघत बसलो, उष्णता उचलतं किती हे विसरलो. चौथी शिकलेल्या अप्पांनी तोच प्रश्न आदल्या संध्याकाळी विचारला होता. उकळत नाही म्हणजे तापत नाही का?

कान गरम झाले. पण तरी मी घागरीकडे हात केला नाही. आता तर बाटली येणारच होती! चूक कळल्यावरही माणूस ती लगेच सोडत नाही हो, शेवटपर्यंत धरून ठेवतो.

सव्वाचारला एसटी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून बाटली दिली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर बेलाचं पान खोचलेलं. काकांची श्रद्धा! मी बाटली हातात घेतली आणि मला शंका आली. अर्धी बाटली इतकी जड?

बूच उघडलं. काठोकाठ भरलेली.

फोन लावला. "काका, बाटली अर्धी होती ना?"

"हाव हो सर! तेच म्हणतो. अर्धं भांडं कसं पाठवायचं कुणाच्या घरी? त्यात मयताचं काम. बरं दिसत नाही ते. म्हणून भरून दिली."

"कशानं भरलीत?"

"पाण्यानं! साधं नव्हे बरं का, फिल्टरचं!"

अडीच तास! घागरभर पाणी समोर असताना, ऐंशी किलोमीटरवरून, एसटीनं, बेलाचं पान लावून, मी पाणी मागवलं होतं!

बसूनं माझ्या हातातून बाटली घेतली आणि सरळ ओतली. मग घागर उचलली, राहिलेलं भरलं. "पाणी घालू नये" या अक्षरांवरूनच ओघळ गेला. मी अडवलं नाही. टपरीवाली बाई लांबून बघत होती.

आणि पुढे काय झालं, सांगू? काही झालं नाही! जीप पहिल्या चावीला लागली. काटा मधोमध येऊन थांबला तो गाव येईपर्यंत हलला नाही. मागे अॅम्ब्युलन्स, समोर चढ, सगळं तसंच, आणि जीप सुतासारखी सरळ. त्यापेक्षा तिचं इंजिन फुटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला सारखं वाटत होतं. निदान मी म्हणालो असतो, बघा, सांगत नव्हतो?

सहाला गावात शिरलो. ओसरीवर पाट मांडलेला, भिंतीला लोड, झेंडूच्या माळा दुपारपासून सुकून गेलेल्या. मामी दारात उभ्या होत्या. अप्पांना खाली घेतलं, आणि त्या माणसाचे पाय वाकेनात. दोघातिघांनी हलक्या हातानं करून पाहिलं. महानंदानं तोंडात पदर कोंबला. मामींनी एकदा माझ्याकडं नुसतं बघितलं.

बिनपाण्यानं हजामत म्हणतात ती शब्दांशिवायही होते, हे मला त्या दिवशी कळलं.

स्वामींनी सगळ्यांना बाजूला केलं. "ऊन पाणी आणा," म्हणाले. हंडाभर आणलं. मामींनी स्वतः तांब्या तांब्या करून अप्पांच्या गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यांवर सोडलं, आणि स्वामी हातानं चोळत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू गुडघे सैल झाले. स्वामी स्वतःशीच पुटपुटले, "पाण्यानं सुटतंय सगळं."

बसवलं अप्पांना. पण नीट नाही बसले. अंग उजवीकडं कललेलं राहिलं आणि उजवं कोपर काही केल्या खाली येईना, बाजूला उचललेलंच. लोकांनी कापडानं बांधून बघितलं. मी खाली मान घालून उभा होतो. मामींनी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी अशी वाकडी करून आणून दिली.

मामी समोर बसल्या. त्या उचललेल्या कोपराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बांधू नका. आसंच बसायचे ते गाडीत, कोपर खिडकीत ठिऊन." आणि तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. मलाही फुटलं. मी बाहेर जाऊन जीपला टेकून रडलो. ती अजून गरम होती.

तिसऱ्या दिवशी समाधीवर पाणी घालायचं होतं. बसूनं टपरीवरची सगळी हकीकत घरात सांगितली होती, आणि दोन दिवसांत मामी माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी लातूरला जाऊन ती पिवळी कॅन आणली होती, घासून, तीन वेळा धुऊन, भरून. वाटलं, निदान अप्पांच्या कॅनमधलं पाणी त्यांना घालावं. शेतात सगळे जमले. बसूनं घातलं, महानंदानं घातलं. माझी पाळी आली. मी कॅन उचलली खरी, पण बूच काढवेना. त्या माणसानं शेवटचं माझ्याजवळ पाणीच विचारलं होतं ना. मी नुसता उभा राहिलो.

सगळे बघायला लागले. मामी पुढे आल्या. कॅनचं बूच स्वतः काढून दिलं आणि अख्ख्या गावासमोर म्हणाल्या,

"घाला, जावईबापू. भिऊ नका. ह्यांना पाणी चालतंय."